देव एक नंबर, बायको तीन नंबर

कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्या काकांना सगळी गल्ली कडककाका म्हणायची. स्वभाव कडक होता म्हणून नव्हे. स्वभाव इतका मऊ, की गिऱ्हाइकाने महिनोन्‌महिने न नेलेला कोटसुद्धा ते मधूनमधून झटकून, ऊन दाखवून पुन्हा जागेवर टांगायचे. नाव पडलं ते त्यांच्या तोंडात बसलेल्या शब्दामुळे. कॉलर कशी हवी? कडक. चहा कसा झालाय? कडक. मुलाने पसंत केलेली मुलगी पहिल्यांदा घरी आली, तेव्हा तिच्या आईवडिलांसमोर काकांनी होणाऱ्या सुनेबद्दलही तेच मत दिलं आणि काकूंनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

खाली दुकान, वर घर, आणि दोन्हींना जोडणारा आतूनच एक अरुंद लाकडी जिना. दुकानात शिरलं की आधी वाफेचा ऊबदार वास यायचा, मग खळीचा, आणि मग काउंटरमागे मान खाली घालून इस्त्री फिरवणारे काका दिसायचे. पांढरे कपडे एकीकडे, रंगीत दुसरीकडे, रेशमी सगळ्यांपासून लांब, अर्जंटच्या कपड्यांना लाल चिठ्ठी. ह्या शिस्तीतून घरालाही सुटका नव्हती. चमचे चमच्यांत, काटे काट्यांत. काकू म्हणायच्या, "ह्यांचं चाललं असतं तर ह्यांनी भातातले शिजलेले दाणे आणि कच्चे दाणेही वेगळे केले असते."

एवढ्या शिस्तीच्या माणसाचा देवाशी कारभार मात्र अगदीच गबाळा होता. ओल्या केसांनी देवघरापुढे उभं राहायचं, उदबत्ती पेटवायची, हात जोडायचे आणि डोळे मिटल्या मिटल्या जिन्यातून खाली ओरडायचं, "अरे, बॉयलर लावलास का?" खालून मुलाचा "हो" आला की तोच आशीर्वाद समजून काका चपला घालायचे. देवाने ह्याबद्दल कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नव्हतं.

मग गावात बुवा आले.

चौकापलीकडच्या सभागृहात बुवांची प्रवचनं लागली होती. काकूंना ऐकायची फार इच्छा. परतताना अंधार होतो, म्हणून सोबतीला काकांना नेलं. काका जाताना कुरकुरत होते. त्यांना वाटलं होतं, मागच्या खुर्चीत छान डुलकी काढू. पण बुवांचा आवाज खणखणीत, आणि बोलणं असं की थेट आपल्याच खिशात हात घातल्यासारखं.

"आपण देवाला काय देतो?" बुवा म्हणाले. "उरलेला वेळ. उरलंसुरलं. सगळं आटोपलं, हात रिकामा झाला, झोप यायची आहे, तर घ्या देवाचं नाव! अहो, दारच्या पाहुण्याला तरी कधी उष्टं वाढता का? आयुष्यात क्रम लावा. पहिलं कोण, दुसरं कोण, ठरवा. आणि पहिल्या जागेवर देव बसवा. तो बसला की बाकीचे आपोआप आपापल्या जागी बसतात."

क्रम लावा! काका खुर्चीत ताठ झाले. इतक्या वर्षांत देवाधर्मातलं पहिल्यांदाच काही तरी त्यांच्या भाषेत कुणी बोललं होतं.

घरी येताना ते गप्प होते. काकूंनी तिरक्या नजरेने पाहिलं. "काय झालं? पोट बिघडलं का?"

"नाही. विचार करतोय."

"मग पोटच बिघडलंय," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर काकांनी घसा साफ केला. मुलगा, सून, काकू, सगळ्यांनी घास हातात धरून वर पाहिलं. घसा साफ करून बोलणं ह्या घरात क्वचितच व्हायचं. शेवटचं झालं तेव्हा नवं मशीन आलं होतं.

"मी माझ्या आयुष्याचा क्रम लावलाय," काकांनी बोटं उघडली. "एक नंबर, देव. दोन नंबर, तब्येत. कारण शरीर धड नसेल तर देवाचं करणार कोण? तीन नंबर, कुटुंब. चार नंबर, दुकान. उद्यापासून ह्याच क्रमाने."

मग काकूंनी ताटातली भाजी हळूच बाजूला सारली.

"म्हणजे मी तुमच्या गुडघ्यांच्या नंतर?"

सुनेला पाणी पिता पिता ठसका लागला.

"तसं नव्हे गं," काका म्हणाले, "तब्येत म्हणजे एकंदर..."

"एकंदर. म्हणजे गुडघे, दात, पित्त, सगळे माझ्या पुढे. आणि तीन नंबरातही मी एकटी नाही. हा आहे, ही आहे, तुमची ती परगावची मावसबहीण आहे. तिलाही कुटुंबातच धरलंय ना?"

"बाबा, दुकान चार नंबर ना?" मुलाने हर्ष लपवत विचारलं. त्याला गेली कित्येक वर्षं काउंटर डावीकडून उजवीकडे हलवायचा होता.

"चार नंबर म्हणजे नंबरच नाही असं नव्हे," काका घाईने म्हणाले. पण बाण सुटला होता.

दुसऱ्या दिवसापासून देवाचं राज्य सुरू झालं. देवघर म्हणजे खरं तर मधल्या खोलीतला एक कोनाडा, पण काकांनी त्या खोलीचं दार लावून घ्यायला सुरुवात केली. स्नान, पूजा, मग माळ घेऊन जप, मग ध्यान. काम जबाबदारीचं होतं, आणि काकांनी ते तेवढ्याच जबाबदारीने घेतलं. तेवढ्या वेळात घरात आवाज नको. मिक्सर नको. कुकरची शिट्टी नको. फोन वाजला तर उशीखाली घाला. सून केस वाळवायचं यंत्र घेऊन बाथरूममध्ये दार लावून, यंत्रावर टॉवेल गुंडाळून केस वाळवू लागली. मुलगा जिन्यावरून चोरासारखा चवड्यांवर उतरायचा. एकदा भाजीवाली दारात आली आणि सगळ्यांना ओठांवर बोट ठेवलेलं पाहून हळूच म्हणाली, "कोण आजारी आहे?"

"आजारी नाही," काकू कुजबुजल्या. "देव."

"देव आजारी आहेत?"

"जा बाई तू. दोन जुड्या ठेव आणि जा."

आणि काकूंचं ते तीन नंबर! त्यांना जणू खेळणंच मिळालं होतं. दुकानातून काकांनी वर फोन लावला की पलीकडून आवाज यायचा, "तीन नंबर बोलतेय." कुठे जायचं असलं की, "तीन नंबरचं काम आहे हो, दोन नंबरचं झालं असेल तर येता का?" काकांनी सकाळी गुडघ्याला तेल चोळायला घेतलं की त्या अदबीने बाजूला सरकायच्या, "या, या. वरिष्ठ आलेत." एकदा तर गिऱ्हाइकासमोर मुलाने विचारलं, "आई कुठे आहे?" आणि काकांच्याच तोंडून निघून गेलं, "तीन नंबर वर आहे." गिऱ्हाईक बिचारं वर कपड्यांचं आणखी एक काउंटर असेल असं समजून जिना चढायला लागलं.

एवढं सगळं करून काकांना काय मिळत होतं, हे मात्र ते कुणाला सांगत नव्हते. कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. डोळे मिटले की देव दिसायच्या आधी दुकान दिसायचं. खालून वाफेचा फुस्स आवाज आला की त्यांना कळायचं, पोराने उष्णता जास्त ठेवली आहे. बोटं मणी सरकवत असायची आणि मन म्हणत असायचं, रेशमी आहे रे तो, रेशमी आहे. काउंटर सरकल्याचा खरखर आवाज आला त्या दिवशी तर त्यांच्या माळेचे कितीतरी मणी नुसतेच घसरले. घरात जितकी शांतता वाढत गेली तितके बारीकबारीक आवाज त्यांना जास्त टोचू लागले. पूर्वी मिक्सर चालू असताना त्यांना उदबत्ती लावता येत होती. आता कुणी पान उलटलं तरी समाधी मोडायची. मोडायला समाधी लागलेली असावी लागते, ही गोष्ट वेगळी.

आणि मग ते दार उघडून बाहेर यायचे, ते भुवया जोडून. "कोण बोलत होतं? चमचा कोणी पाडला?"

एकदा सुनेने काकूंना विचारलं, "आई, देवाजवळ इतका वेळ बसून आलेला माणूस इतका चिडका कसा होतो?"

"तिथेही रांगेत उभं राहावं लागत असेल," काकू म्हणाल्या.

अशात बुवा पुन्हा आले, पण ह्या वेळी सभागृहात नाही, थेट लाँड्रीत.

सकाळची वेळ. काका वर माळ घेऊन बसलेले. खाली बुवा घाईघाईने आत शिरले ते हातात पिशवी घेऊन. पिशवीत त्यांचा पांढरा रेशमी कुडता, आणि छातीवर मधोमध डाळिंबाच्या रसाचा भला मोठा डाग. ज्यांच्या घरी उतरले होते त्यांनी प्रेमाने पेला पुढे केला, बुवा प्रेमाने घ्यायला गेले, आणि दोघांचं प्रेम कुडत्यावर सांडलं. थोड्याच वेळात सभागृहात कार्यक्रम, आणि दुसरा कुडता प्रवासात मागे राहिलेला.

मुलाने डाग पाहिला आणि हात मागे घेतला. "रेशमावरचे डाग बाबाच काढतात. मला हात लावायला परवानगी नाही."

"मग बोलवा त्यांना."

मुलाने आईकडे पाहिलं. काकू नेमक्या चहाचे कप घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या.

"ते देवात आहेत," काकू म्हणाल्या.

बुवा दचकले. "अरेरे! कधी?"

"अहो, तसं नव्हे. जपाला बसलेत. त्या वेळी हाक मारायची नाही असा नियम आहे."

"पाच मिनिटांचं काम आहे, वहिनी. मारा हाक. देव काय कुठे पळून जातोय?"

हे वाक्य दुकानात जरा वेळ तसंच लटकत राहिलं. सुनेने मान फिरवली आणि उगाचच हँगर मोजायला घेतले. मुलगा भोळेपणाने म्हणाला, "पण तुम्ही तर उलटं सांगितलं होतंत ना? देव पहिला, बाकीचे नंतर?"

बुवांचा चेहरा आधी डाळिंबासारखा झाला, मग ते मोठ्यांदा हसले. "सांगितलं होतं खरं. खणखणीत आवाजात सांगितलं होतं. बसतो मग." आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन गरीब गिऱ्हाइकासारखे बसले.

वरच्या खोलीत काकांनी ह्यातला शब्द अन्‌ शब्द ऐकला होता. त्यांची मोठी पंचाईत झाली. बुवांचा कुडता हा कितव्या नंबरात धरायचा? कपडा आहे, म्हणजे दुकान, म्हणजे चार. पण तो घालून बुवा देवाबद्दल बोलणार, म्हणजे एक. शिवाय डाळिंबाचा डाग जितका मुरेल तितका पक्का होणार. हा तिसरा मुद्दा मनात येताच काका माळ हातात तशीच घेऊन उठले. खाली उतरताना मात्र चेहऱ्यावर असा भाव होता, की एक नंबरचं कामच करायला निघालो आहे.

त्यांनी कुडता उजेडात धरला, उलटा केला, खाली पांढरा सुती कपडा घातला आणि गार पाण्याने डाग मागच्या बाजूने टिपायला घेतला. चोळायचं नाही, टिपायचं. बुवा स्टूल जवळ ओढून बघत बसले.

"तुमचं सांगितलेलं मी तंतोतंत पाळतोय बरं का," काका अभिमानाने म्हणाले. "अगदी क्रम लावलाय. सकाळचा सगळा वेळ देवाला. तुमचा स्वतःचा जप केव्हा असतो? पहाटे?"

बुवांनी काउंटरवरचा कप उचलला, चहा फुंकरला. "असायचा पहाटे. हल्ली गाडीत होतो बहुतेक. ह्या गावातून त्या गावात जाताना. आज झालाच नाही."

काकांचा हात थांबला. "झालाच नाही?"

"अहो, सांगतो तसं वागायला जमलं असतं तर सांगत कशाला हिंडलो असतो? घरी बसलो नसतो का?" बुवा इतकं साधेपणाने म्हणाले, की काकांना त्यांचा रागही धड येईना. मग विषय बदलावा म्हणून बुवा काकूंकडे वळले. "घरात सगळेच जप करता का हो?"

"नाही," काकू म्हणाल्या. "हे जप करतात. आम्ही बाकीचे गप्प बसतो."

सगळे हसले. बुवा तर चहा पुन्हा अंगावर सांडेल इतके हसले. काकाही हसले, पण हसता हसता त्यांनी काकूंकडे पाहिलं, तर त्या हसत नव्हत्या. रिकामा कप उचलून वर निघाल्या होत्या.

डाग गेला. कुडता वाफेवर बसवून काकांनी बुवांच्या अंगावर घातला, तेव्हा बुवांनी आरशात छाती पाहून "कडक!" म्हटलं. हा शब्द ह्या दुकानात साथीच्या रोगासारखा होता. बुवा गेले. पण "आम्ही गप्प बसतो" हे वाक्य मात्र काकांच्या डोक्यातून जाईना.

त्यानंतर आणखी एक गोष्ट झाली, म्हणजे व्हायची थांबली. काकूंनी तीन नंबर म्हणणं सोडलं. काकांनी फोन लावला की पलीकडून नुसतं "हं, बोला." गुडघ्याला तेल लावताना कुणी वरिष्ठांना वाट करून दिली नाही. सुरुवातीला काकांना वाटलं, बरं झालं, पीडा टळली. पण मग चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. ज्या बाईच्या थट्टेशिवाय ह्या घरात चहासुद्धा गोड होत नसे, ती अशी सरळ बोलायला लागली म्हणजे काही तरी वाकडं होतं. एकदा तर त्यांनी स्वतःच विषय काढून पाहिला. "काय म्हणतंय आज तीन नंबर?"

"काही नाही. जेवायला बसा," काकू म्हणाल्या.

काकांना जेवण गेलं नाही.

एका सकाळी पूजेला बसले आणि काडेपेटी रिकामी निघाली. हाक मारावी तर नियम त्यांचाच. म्हणून दार हळूच उघडून ते स्वयंपाकघराकडे गेले आणि उंबऱ्याशीच थबकले.

काकू गॅससमोर उभ्या होत्या. डोळे मिटलेले. उजवा हात गॅसच्या खटक्यावर, डावा हात छातीशी, आणि ओठ हलत होते. आवाज नाही, नुसती कुजबुज, पण तिला चाल होती. दूध तापत होतं. साय थरथरली, कडेकडेने वर चढली, आणि अगदी काठाशी आली तेव्हा काकूंनी डोळे न उघडताच खटका फिरवला. मग पुन्हा कुजबुज सुरू. तेवढ्यात आतून मुलाने "आई, माझा..." अशी हाक अर्धीच मारली, आणि काकू झटक्यात डोळे उघडून, ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प करायला धावल्या. धावल्या त्या थेट काकांवर आदळल्या.

"काय हवंय?"

"काडेपेटी," काका म्हणाले. मग म्हणाले, "काय म्हणत होतीस?"

"काही नाही. आपलं नेहमीचं."

"नेहमीचं म्हणजे?"

काकूंनी काडेपेटी त्यांच्या हातात दिली. "आईचं स्तोत्र. लहानपणी आम्हा बहिणींना तोंडी शिकवलं होतं. रोज म्हणते."

"रोज? मला कसं कधी दिसलं नाही?"

"तुम्ही तेव्हा बॉयलरला हाका मारत असायचात."

काका काडेपेटी खालीवर करत राहिले. "मग आत येऊन, बसून का नाही म्हणत?"

"बसून?" काकू हसल्या, पण ते त्यांचं नेहमीचं हसू नव्हतं. "चौथ्या श्लोकापर्यंत दूध येतं. लग्न झाल्यापासून चौथ्या श्लोकातच दूध येतंय. मग चहा, डबे, तुमचे कपडे, दुकान. पुढचे श्लोक पूर्वी दुपारी भांडी लावताना म्हणायची. हल्ली तेही राहिलं. आणि तुमचा देव पहिला झाल्यापासून तर दुसऱ्याच श्लोकात कुणाला ना कुणाला गप्प करायला जावं लागतं." त्या बोलता बोलता थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचा पहिला झाला हो. पण त्यासाठी माझा किती मागे गेला, ते तुमच्या बोटांवर कुठे मावतंय?"

काका देवघरात परत गेले. त्या दिवशी उदबत्ती लावली, पण माळ घेतली नाही. नुसते बसून राहिले, आणि प्रवचनानंतर पहिल्यांदाच त्यांच्या मनात दुकान आलं नाही. एक बाई उभ्याने, डोळे मिटून, एक हात खटक्यावर ठेवून देवाशी बोलते आहे, एवढंच येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी काकू उठून बघतात तो स्वयंपाकघरात काका. कमरेला लाँड्रीतला ॲप्रन, बाह्या दुमडलेल्या.

"तू आत जा," काका म्हणाले. "दूध मी बघतो."

"तुम्ही? दुधाला लाल चिठ्ठी लावणार की काय?"

ती थट्टा कानावर पडली आणि काकांना इतकं बरं वाटलं, की ते उत्तर द्यायचंच विसरले. त्यांनी काकूंना अक्षरशः ढकलत मधल्या खोलीत नेलं, पाट मांडून दिला आणि दार ओढून घेतलं.

आणि मग त्यांना कळलं, की ह्या घरात सकाळी नेमकं काय काय चालतं. मुलाला किल्ली सापडत नव्हती. सुनेचा फोन वाजत होता. नळ सोडलेला, गॅसवर दूध, ओट्यावर कापायची भाजी, आणि दारावर कुणी तरी अर्जंट शर्ट घेऊन आलेला माणूस बेल मारत होता. काका एका हाताने ह्याला गप्प, दुसऱ्या हाताने त्याला गप्प करत फिरत होते. मुलाने विचारलं, "बाबा, तुम्ही का कुजबुजताय? जपाला तर तुम्हीच..." तेव्हा काकांनी त्याला डोळ्यांनी असं काही भाजलं, की तो किल्ली न घेताच खाली पळाला. सुनेला मात्र सगळं लगेच कळलं. ती काहीच न बोलता भाजी कापायला बसली.

दूध त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. अगदी टक लावून. फक्त बेल वाजली तेवढ्यापुरती मान वळवली, आणि दूध त्याच क्षणाची वाट पाहत दबा धरून बसलं होतं. फस्स! ओटा, शेगडी, काकांची चप्पल, सगळं न्हाऊन निघालं. काका फडकं घेऊन आवाज न करता पुसायला लागले. जळकं दूध आवाज न करता खरवडता येत नाही, हे ज्ञान त्यांना वयाच्या मानाने उशिराच झालं.

किती तरी वेळाने दार उघडलं. काकू बाहेर आल्या. काका फडकं पाठीमागे लपवून उभे.

"झालं सगळं म्हणून?" त्यांनी विचारलं.

"सातव्यापर्यंत आलं. पुढचं आठवेना. मग पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. तरी आठवेना. मग नुसतीच बसले."

"मन लागलं?" काकांनी अगदी आतुरतेने विचारलं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"लागलं की. मधे दूध उतू गेल्याचा वास आला," काकू म्हणाल्या, "तेव्हा मनात आलं, आज ते आपलं काम नाही." आणि त्या इतक्या मोकळ्या हसल्या, की भाजी कापणारी सूनही सुरी ठेवून हसायला लागली.

तेव्हापासून घरातली सकाळ बदलली. आज काकू आत, तर काका बाहेर. उद्या काका आत, तर काकू बाहेर. सुनेनेही एक वार मागून घेतला. ती आत जाऊन काय करते हे कुणी विचारत नसे. एकदा काकूंनी फटीतून पाहिलं तर ती भिंतीला टेकून गाढ झोपली होती आणि समोर निरांजन शांतपणे जळत होतं. काकूंनी दार पुन्हा हलकेच लावलं. कुकरला शिट्टीची परवानगी परत मिळाली. दुकानातलं काउंटर मुलाने हलवलं ते हलवलंच, आणि उजवीकडे उजेड जास्त येतो हे काकांनी बऱ्याच दिवसांनी, तेही दुसरीकडे बघत, मान्य केलं.

काकांचं बसणं पूर्वीइतकं लांब राहिलं नाही. मन अजूनही भटकायचं. पण आता ते भटकून आलं की काका त्याच्यावर खेकसत नसत. चौकात कुणी विचारलं, "काय काका, क्रम लावला होतात म्हणे?" तर ते नुसतं म्हणायचे, "लावला होता. घडी जरा चुकीची पडली. पुन्हा घालतोय."

राहिला प्रश्न सातव्या श्लोकानंतरचा. काकूंनी एका सकाळी परगावच्या थोरल्या बहिणीला फोन लावला. बहिणीला आठवा येत होता, दहावा येत होता, अगदी शेवटचाही येत होता. नववा मात्र तिलाही येईना. मग दोघी बहिणींचं फोनवर कडाक्याचं भांडण झालं. थोरली म्हणे, नववा नव्हताच, आईने आठव्यावरून सरळ दहावाच शिकवला. काकू म्हणत, होता. त्यात एक नदी होती. थोरली म्हणे, नदी पाचव्यात आहे. असं करता करता दोघींना आई वेणी घालता घालता केस ओढून चूक कशी दाखवायची ते आठवलं, आणि भांडणाचं रडणं झालं, रडण्याचं हसणं झालं.

सून म्हणाली, "आई, शोधून देते ना. कुठे तरी छापलेलं मिळेलच."

"छापलेलं मिळेल गं," काकू म्हणाल्या. "पण आईचं जरा वेगळं होतं. राहू दे."

तेव्हापासून काकू आठवा श्लोक म्हणतात, मग एक श्लोक मावेल एवढा वेळ गप्प राहतात, आणि मग दहावा सुरू करतात. काकू आता मोकळ्या आवाजात म्हणतात, त्यामुळे बाहेर भाजी निवडता निवडता ऐकून ऐकून काकांनाही ते सगळं पाठ झालं आहे. त्यांची आत बसायची पाळी असते तेव्हा तेही आता माळेनंतर तेच म्हणतात, जरा बेसूरच, पण म्हणतात. आणि आठव्यानंतर तेही थांबतात. त्या थांबण्यात बाहेरून नळाचा, बांगड्यांचा, सुनेच्या हसण्याचा आवाज येत असतो. काका तो ऐकून घेतात आणि मग पुढे म्हणायला लागतात.